सालीच्या पाण्यातली मच्छरदाणी

आमच्या वाडीत पहिली मच्छरदाणी मी आणली. दुसरी आजतागायत कोणी आणलेली नाही.

वाडी म्हणजे डहाणूच्या खाडीलगतची वीस-पंचवीस घरं. पुढे होड्या, मागे बोंबील वाळत घालायचे बांबू, आणि मध्ये आम्ही. बाबांची एक होडी होती. धाकटा भाऊ धाकू बाबांबरोबर समुद्रावर जायचा. मी मात्र सातवीची फायनल पास झालो आणि आत जंगलपट्टीतल्या सायवनला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून लागलो. महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्या काळात आमच्या वाडीत मास्तर होणं म्हणजे मोठाच मान होता. वाडीतली म्हातारी माणसंसुद्धा मला 'मास्तर' म्हणू लागली, आणि इथेच माझं डोकं फिरलं.

उरलेलं फिरवलं ते सायवनच्या एका साहेबांनी. माझ्या खोलीशेजारी जंगलखात्याचे एक अधिकारी राहत. ते बशीतून नव्हे तर कपातून चहा पीत. दात ब्रशने घासत. आणि झोपत मच्छरदाणीत. सकाळी एक हात बाहेर यायचा, पांढरी जाळी बाजूला व्हायची आणि मग साहेब उगवायचे. मी ओसरीवर मिश्री लावत हे रोज पाहायचो. डास सायवनला पुष्कळ होते, मलाही चावत होते, पण माझं डासांशी काही भांडण नव्हतं. मला फक्त तसं उगवायचं होतं.

हळूहळू मी साहेब होऊ लागलो. आधी ब्रश घेतला. मग इस्त्री केलेला सदरा. मग 'नाय'चं 'नाही' झालं. बाबांना मी अहो-जाहो करू लागलो. (ते मला अजून 'अरे पोऱ्या'च म्हणत.) एकदा साहेबांनी विचारलं, "काय मास्तर, तुम्ही समुद्राकडचे, मासळी खूप खात असाल?" मी म्हणालो, "छे, आम्ही फारसं घेत नाही." आमच्या सात पिढ्या ज्यावर जगल्या त्या मासळीला मी एका वाक्यात घराबाहेर काढलं. रात्री भाताबरोबर खायला पेटीत दडवलेला सुका बोंबील काढला, तेव्हा खिडकी आधी बंद केली.

अशात मथुराआत्या स्थळ घेऊन आली. आत्या म्हणजे बाबांची बहीण, दिलेली झाईला, बोर्डीच्या बाजारात सुकी मासळी विकायची. झाईचे हिराजी तांडेल, दोन होड्यांचे मालक, यांची मुलगी. सातवी पास. आत्याने पदराच्या गाठीतून फोटो काढून दिला. स्टुडिओतल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ती उभी होती आणि फोटोग्राफरने हसू नको सांगितलेलं असावं, पण ती थोडी हसलीच होती. तो फोटो मी शाळेच्या हजेरीपटात ठेवला. रोज सकाळी मुलांची हजेरी घ्यायच्या आधी तिची घ्यायचो. स्पष्टच सांगतो, मला ती मुलगी हवी होती. एवढं मनापासून मी आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही.

"तांडेल घर बघायला येनार," आत्या म्हणाली. "मुलगी मागनं. आदी घर बघतील, मानसं बघतील. मी सांगून ठेवलंय, आमचा मास्तर साधासुधा नाय. मच्छरदानीत निजतो."

"मी?"

"तूच तं बोललास मागच्या टायमाला."

बोललो होतो. मच्छरदाणी साहेबांची, फुशारकी माझी. आता तांडेल येऊन मोकळी खाट पाहणार आणि स्थळ मोडून परत जाणार. मच्छरदाणी आणणं भाग होतं.

ते येणार होते रविवारी. नेमके भांगाचे दिवस होते. भांग म्हणजे समुद्राला जोर नसतो ते चार दिवस. होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, म्हणून पाहुण्यांना वेळ असतो. आणि त्याच दिवसांत जाळ्यांना साल दिली जाते. तेव्हा नायलॉन आमच्याकडे पोहोचलं नव्हतं. जाळी सुताची. कोरं सूत खाऱ्या पाण्यात कुजतं, म्हणून ऐनाच्या झाडाची साल मोठ्या कढईत उकळायची आणि त्या लाल पाण्यात जाळी बुडवून काढायची. म्हणजे पाहुणे आणि सालीची कढई एकाच दिवशी येणार हे वाडीतल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी मास्तर होतो, मला कळलं नाही. उलट बाबांनी निरोप पाठवला होता, 'येताना सायवनहून सालीची दोन गाठोडी आन,' तो मी पाळलाही. माझ्या अब्रूला लागणारी साल मी स्वतः विकत घेऊन आणली!

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी बसमध्ये बसलो. अंगात पांढरा सदरा आणि पायाशी सालीची गाठोडी. कंडक्टर म्हणाला, "ही साल कोणाची?"

"ठाऊक नाही," मी खिडकीबाहेर पाहत म्हणालो.

डहाणू रोडला उतरताना दोन्ही गाठोडी डोक्यावर घेतली, तेव्हा तो दारातच उभा होता. गाठोडी नीट बसवायला त्याने हातही लावला.

स्टेशनसमोरच्या गुजराती शेठच्या दुकानात मच्छरदाणी मिळाली. "एक ज पीस छे, मास्तर," शेठ म्हणाला. "पारसी बावाए मंगावेली, पछी लीधी नहीं." पारशाने मागवून नाकारलेली वस्तू आपण घेतोय, या विचाराने माझी छाती दोन बोटं फुगली. दुधासारखी पांढरी, वर झालरीची पट्टी, चार कोपऱ्यांना नाड्या. मी ती कागदात गुंडाळून घेतली आणि घरी पोहोचलो.

ओटीवर सालीची गाठोडी ठेवली, शेजारी मच्छरदाणीचं पुडकं ठेवलं आणि म्हणालो, "बाबा, हे नीट ठेवा. उद्यासाठी आहे." एवढं बोलून मी उलट पावली निघालो. डहाणू गावातल्या एका सोबतच्या मास्तरांकडे चार खांबांचा पलंग होता, तो आणायचा होता. शिवाय सहा कपबशा. शिवाय बटाटे. (जेवणात मासळी नको, पुरी आणि बटाट्याची भाजी कर, असं मी आईला बजावलं होतं. आई म्हणाली, "सोयऱ्याला बटाटा? लोक तोंडात शेन घालतील." मी म्हणालो, "चांगल्या घरांत असंच असतं.")

त्या मास्तरांकडेच मुक्काम करून रविवारी सकाळी बैलगाडीत पलंग घालून मी वाडीत आलो. लांबूनच बांबूंवर वाळत घातलेली जाळी दिसत होती. एक, दोन, तीन मोठी जाळी. चौथं लहान होतं. त्याला झालर होती.

मी गाडीतून उतरलो नाही, गळून पडलो. माझी दुधासारखी मच्छरदाणी काताच्या रंगाची झाली होती. जवळ गेलो तर उकळलेल्या सालीचा वास, आणि कढई तीच असल्यामुळे मागच्या दहा वर्षांच्या मासळीचा वास.

"बाबा, हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे?" बाबा विडी पेटवत म्हणाले. "कोरंच आनलं व्हतंस. दुकानदारानं फसवलं तुला."

"बाबा, ती मच्छरदाणी आहे."

"मच्छराचं जालं पन जालंच. त्यात मासा येतो का मच्छर, सुताला काय ठावं? कुजायचं ते कुजतं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अरे पोऱ्या, येतोय कोन? तांडेल. त्याच्यासमोर घरात कोरं जालं टांगलं तं काय बोलंल तो? ह्या लोकांना जालं सांभालता येत नाय. तुझीच इज्जत जाईल ना?"

मी ज्या अब्रूसाठी पांढरी जाळी आणली, त्याच अब्रूसाठी त्यांनी ती लाल केली होती.

"दादा, दोनदा काढलंय," धाकू कौतुकाने म्हणाला. "काल एकदा, आज पहाटे परत. पाच वरसं बघायला नको. आनि खालचा काठ लई हलका व्हता, वाऱ्यानं उडला असता. म्हनून शिसं ओवलं." खरंच, काठाला वीत-वीत अंतरावर शिशाच्या गोळ्या होत्या. तो रात्रीचा जागून माझ्यासाठी हे करत बसला होता. त्याचे हात कोपरापर्यंत लाल होते. मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या.

मी मच्छरदाणी विहिरीवर नेली आणि साबण लावला. साबण लाल झाला. विहिरीवरचा दगड लाल झाला. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल शिंतोडे उडाले. मच्छरदाणी मात्र होती तशीच राहिली. आई आतून म्हणाली, "साल हाय ती. एकदा बसली का नातवंडं बघते."

दुसरी शेठकडे नव्हती, आणि आत्याच्या बढाईमुळे न टांगून चालणार नव्हतं. पलंगाच्या चार खांबांना ती लाल वस्तू बांधली. शिशामुळे ती इतकी सरळ पडली की साहेबांचीही कधी पडली नसेल. कोणी विचारलंच तर मुंबईत हल्ली हाच रंग चालतो असं सांगायचं ठरवलं. ओटीवरची बोंबलांची टोपली दिसू नये म्हणून कुठेतरी दडव, असं आईला सांगितलं. कुठे, ते सांगितलं नाही.

अकराच्या सुमारास तांडेल आले. पांढरं धोतर, वर कोट, कानात सोन्याची बाळी, आणि पायरीवर पाय ठेवायच्या आधी होडीकडे एक नजर. बरोबर आत्या. मी कपबशीतून चहा दिला. ते बशीत ओतून प्याले. मी कपातून पिऊन दाखवला आणि जीभ भाजून घेतली.

जेवायला बसलो. तांडेलांनी पानाकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे पाहिलं, की मागून काही येतंय का. काही आलं नाही.

"आज एकादशी हाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "आम्ही मासळी फारशी घेत नाही."

बाबांना ठसका लागला. धाकू पानात मान घालून बसला. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मेलेलो आहे आणि मला अजून कळवलेलं नाही.

"अस्सं," तांडेल म्हणाले, आणि बटाट्याची एक फोड बोटाने या कडेची त्या कडेला केली.

जेवणानंतर मी म्हणालो, "थोडं पडा ना. मच्छरदाणी लावलेलीच आहे."

"दुपारचे मच्छर?"

"नाहीत. पण सवय असते." असं मी बोललो हे आज लिहितानाही मला कसंतरी होतं.

तांडेल पलंगाकडे वळले. आणि पलंग हलला.

बोंबलांची टोपली आईने पलंगाखालीच दडवली होती. त्यापेक्षा सभ्य जागा घरात दुसरी कुठली होती? वाडीतलं एक मांजर वासाच्या मागावर काठाखालून आत शिरलं होतं आणि आता शिशामुळे त्याला बाहेर पडता येत नव्हतं. आधी टोपली उलटली. मग मांजर गादीवर आलं. मग जाळीवर चढलं. तांडेल शांतपणे दोन पावलं मागे सरकले.

"काही नाही, काही नाही," म्हणत मी काठ उचलून आत घुसलो. (शिकलेला माणूस मूर्खपणाही पुढाकार घेऊन करतो.) मला पाहून मांजर छताकडे उडालं, दोन नाड्या तुटल्या, आणि शिशासकट सगळी मच्छरदाणी माझ्या अंगावर कोसळली. आत मी, मांजर आणि आठवड्याभराचे बोंबील. मी उजवीकडे ओढलं की मांजर डावीकडे ओढायचं. त्याने माझ्या गालावर सही केली. मी त्याच्या शेपटीवर बसलो. त्या लाल अंधारात माझं 'नाही', माझं 'अहो-जाहो', माझं सायवन सगळं गेलं आणि मी वाडीच्या भाषेत बोंबललो, "ए धाकू, मला सोरव रे! सोरव!"

धाकू आला. त्याने ओढाओढ केली नाही. "दादा, हलू नको," एवढंच म्हणाला. बोटांनी काठ चाचपत गेला, शिशाची एकेक गोळी सोडवत गेला, जाळी हातावर चुणी घालत गोळा करत आला. आधी मांजर काढलं, कारण ते जास्त चावत होतं. मग मला काढलं. मग बोंबील झटकले. कुठे एक दोरा तुटला नाही.

तांडेल उकिडवे बसून हे सगळं पाहत होते. त्यांनी मच्छरदाणी हातात घेतली. चिमटीत चोळली. वास घेतला. एक दोरा दाताखाली धरून पाहिला.

"साल कोनी दिली?"

"मी," धाकू म्हणाला.

"किती पान्यांत?"

"दोन. मदी सुकवून."

"आनि शिसं?"

"वीतभर सोडून."

तांडेलांनी मान हलवली. मग जमिनीवरचा एक बोंबील उचलून त्याचा वास घेतला आणि आईला म्हणाले, "हे तुमी सुकवलं?"

"हो," आई म्हणाली.

"मग दोन भाजा, वयनी. पोटात नुसता बटाटा हाय."

आई चुलीकडे जवळजवळ धावतच गेली. तांडेलांनी बाबांकडे वळून म्हटलं, "माजं ठरलं. पोऱ्या पसंत हाय."

मी सदरा सारखा केला. गालावरचं रक्त पुसलं. फोटोतलं ते रोखून धरलेलं हसू डोळ्यांसमोर आलं, आणि मला वाटलं, चला, एवढी बेअब्रू झाली पण देवाने सांभाळलं. आत्या म्हणाली, "पाया पड, मास्तर." मी वाकलो.

तांडेलांनी पाय मागे घेतले. "मास्तर, तुमी नाय," ते म्हणाले आणि धाकूकडे बोट केलं. "हा."

वाकलेल्या माणसाला रिकाम्या हाताने उठता येत नाही. पायाशी दोन बोंबील पडले होते, ते मी उचलून टोपलीत टाकले.

तांडेल माणूस चांगला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "राग मानू नका मास्तर. तुमी शिकलेले. पर माजी पोरगी सुकटीच्या वासात वाढली. जितं मासली नाय तितं ती कशी जगंल?"

मला एवढंच सांगायचं होतं की मीही जगू शकत नाही. की सायवनला मी खिडकी बंद करून बोंबील खातो. की तिचा फोटो माझ्या हजेरीपटात आहे. एक वाक्य पुरलं असतं. पण दोन वर्षं मी जे सोंग धरलं होतं ते आता माझ्या अंगाला सालीपेक्षा घट्ट बसलं होतं. मी म्हणालो, "बरोबर आहे तुमचं." आणि कपबशा विसळायला घेतल्या. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा आतून भाजलेल्या बोंबलांचा धूर येत होता, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. तिने माझ्यापुढे भाकरी आणि एक बोंबील ठेवला, आणि मी सगळ्यांसमोर तो खाल्ला. फार उशीर झाला होता, पण भूक फार लागली होती.

वाडीत लोक विचारत, थोरला असताना धाकट्याचं आधी कसं? बाबा सांगत, "मास्तरला अजून शिकायचं हाय." हे ते इतक्या साध्या चेहऱ्याने सांगत की त्यांना काय म्हणायचंय ते मी कधीच विचारलं नाही. फोटो मी हजेरीपटातून काढून आत्याला परत दिला. मच्छरदाणी धाकूने पुढच्या हंगामात कोलीम, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी, धरायला नेली. उत्तम चालली, असं सगळे म्हणतात.

लग्न झाईला झालं. थोरला भाऊ म्हणून मला काही तरी काम द्यायला हवं होतं, आणि उंचीही बरी होती, म्हणून अंतरपाटाचं एक टोक माझ्या हातात दिलं. त्यामुळे मुंडावळ्या बांधलेलं तिचं तोंड नवऱ्याच्याही आधी मी पाहिलं. फोटोग्राफर नव्हता, त्यामुळे ती मोकळी हसत होती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, ताशे वाजले. समोरच्या माणसाने त्याच्याकडचं टोक केव्हाच सोडलं होतं. मी आपला कापड धरून उभाच. शेवटी भटजी माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "मास्तर, सोडा आता. लग्न त्यांचं आहे."